आजीच्या पिशवीला गोधडीचं जाकीट!

दोस्तांनो, नागपूरहून वर्ध्याला जाताना वाटेत केळझर लागतं. सिद्धिविनायकाचं गाव! तिकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे, पण डिसेंबर-जानेवारीतली पहाटही चांगलीच गारठवते बरं का. मग आजीच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी बाहेर निघते. ती उघडी मात्र लावू नका. म्हाताऱ्या माणसांना चटका उशिरा कळतो, तोवर फोड आलेला असतो!

तेव्हा तिला गोधडीचं जाकीट शिवू या. जुनं सुती लुगडं किंवा धोतर घ्या, नायलॉन नको. पिशवी कागदावर ठेवून भोवती रेघ मारा. गळ्याशी मात्र आत वळू नका, रेघ सरळ वर न्या. नाहीतर पिशवी आत जाणारच नाही! चहूकडून 5 सें.मी. जास्त ठेवून कापा. चार-चार पदरांचे दोन तुकडे करा, मोठ्या टाक्यांनी टाचा. मग कडेकडून आत आत, बोटभर अंतरावर धावदोरा घाला. हे काम वेळखाऊ आहे, आजीलाच शेजारी बसवा. घाई केलीत की पदर गोळा होतात.

वरची कड दुमडून शिवा. तुकडे उलटे जुळवून उरलेल्या तीन बाजू शिवा, सुलटं करा, तोंडाला नाडी लावा.

पदरांत अडकलेली हवा उष्णता हळूहळू सोडते, म्हणून चटका न बसता ऊब टिकते.

पाणी मोठ्यांनीच भरायचं, तेही उकळतं नाही. पिशवी दोन-तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, मग बूच घट्ट लावा. रबराला भेगा दिसल्या तर जाकीट कितीही छान असो, पिशवी नवीच आणा.