बोरघाट : चढण्याहून उतरणं अवघड

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला जरा जास्तच रेंगाळते. वडापाववाल्यांचं फावतं, पण थांबा त्यांच्यासाठी नाही. गाडीच्या शेपटाला ‘बँकर’ इंजिनं जोडायची असतात. पुढे दर ३७ फुटांमागे एक फूट चढ. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर रेटतात, तेव्हा कुठे लोणावळा येतं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं १८५६ साली बोरघाटातल्या या लोहमार्गाचं काम काढलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. पंचवीसेक किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठायची, वाटेत २५ बोगदे, आणि हाताशी पहार, घण नि सुरुंगाची दारू. कड्यावर पाय टेकायला जागा नसे तिथे माणसं दोरानं खाली सोडत आणि ती लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडत. १८६१मध्ये घाटात ४२,००० मजूर होते. त्याआधी, १८५९च्या जानेवारीत, मजुरीवरून दंगा पेटला होता. त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हिएलनं काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच दगावला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट अंगावर घेतलं, जाणती माणसं नेमली आणि काम तडीस नेलं. १८६३ साली घाट खुला झाला.

खंडाळ्याजवळ डोंगरानं वळायला जागाच दिली नव्हती. तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केलं : गाडी रुळाच्या बंद टोकाशी न्यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट तोंडानं पुढे निघायचं. युक्ती नामी, पण उतरताना तेच टोक जीवघेणं. १८६९ साली पुण्याकडून उतरणारी गाडी आवरली नाही, ती टोक ओलांडून खाली कोसळली. १९२९मध्ये नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन सुटलं.

मला विचाराल तर या घाटाची खरी करामत उतारावर आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी ठरावीक ठिकाणी सांधा मुख्य मार्गाला लावलेलाच नसतो. तो असतो डोंगरात चढत जाणाऱ्या फाट्याकडे, ‘कॅच सायडिंग’कडे. चालकानं आधी गाडी थांबवून दाखवायची, मगच सांधा फिरतो. ब्रेक लागलेच नाहीत, तर गाडी त्या चढावर धावून आपोआप दमते. डब्यातल्या मंडळींना यातलं काहीच दिसत नाही. सिग्नल मिळाला नसेल म्हणून ती रेल्वेच्या नावानं बोटं मोडत बसतात.