सर्दी जुनी, डोकेदुखी नवी
सर्दी रेंगाळते आणि मग डोके वेगळेच दुखू लागते. नळावर हंडा उचलायला वाकले की कपाळात कळ, गाल जड, वरच्या दाढाही ठणकतात. दाढ किडली समजून ती काढायला निघालेल्या मावशी आम्ही वस्तीत पाहिल्या आहेत.

कपाळाच्या व गालाच्या हाडांत पोकळ्या असतात. सर्दीने त्यांची नाकात उघडणारी वाट सुजून बंद होते, शेंबूड आत साचतो. हीच सायनसची सूज. बहुतेक वेळा ती विषाणूंमुळे येते, म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या अँटिबायोटिकने फक्त पैसे जातात. विश्रांती आणि पॅरासिटामॉल पुरते. नाक मिठाच्या पाण्याने धुवायचे तर पाणी उकळून गार केलेलेच हवे. वाफेचे भांडे मात्र जपून! एका खोलीच्या घरात ते लहान मुलांच्या अंगावर कलंडते. नाक मोकळे करणारे ड्रॉप 3 दिवसांपुढे नकोत, नाक उलट जास्त चोंदते.

10 दिवसांत उतार नसेल, किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढला, तर दवाखाना गाठा. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान ताठणे, बरळणे यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी सरकारी रुग्णालयात न्या, सकाळची वाट पाहू नका.