निरोप आला, पण तो आजचा आहे का?

पूर्वी सरकारी निरोप दवंडीने यायचा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचा. आता तो व्हॉट्सॲपवर येतो. लवकर येतो, घरबसल्या येतो, ही चांगलीच गोष्ट. पण त्यात एक मोठी अडचण आहे. फळ्यावरचा जुना कागद फाडून नवा लावता येतो. व्हॉट्सॲपवरचा जुना निरोप मात्र फिरतच राहतो.

२०२४ सालचं उदाहरण घेऊ. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय २८ जूनला निघाला. त्यात वय २१ ते ६० होतं, अर्जाची मुदत १५ जुलै होती आणि पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नसावी अशी अट होती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सरकारने यात बदल केले. वय ६५ पर्यंत वाढलं, मुदत ३१ ऑगस्ट झाली, जमिनीची अट निघाली. पुढे मुदत आणखीही वाढली. आता बघा, पहिला निरोप खोटा नव्हता, तो फक्त जुना झाला होता. पण ज्या बासष्ट वर्षांच्या बाईने तेवढाच वाचला, ती ‘आपल्याला नाही’ म्हणून घरीच बसणार. महिन्याला दीड हजार रुपयांचा हा प्रश्न होता.

म्हणून आम्ही गटांच्या बैठकीत सांगतो की निरोप खरा आहे का, एवढंच विचारू नका. तो आजचा आहे का, हेही विचारा.

हे ओळखायचं कसं? महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयावर १८ आकडी संकेतांक छापलेला असतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. २०२४०६२८ अशी सुरुवात असेल तर तो २८ जून २०२४ चा. हा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या भागात टाकला की मूळ कागद मराठीत मिळतो. नुसता फोटो, नुसता आवाज किंवा ‘लगेच पुढे पाठवा’ असा मजकूर असेल, तर तो पुढे पाठवू नका.

आता दुसरी गोष्ट, विकी. विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचं आणि दुरुस्त करायचं एक पान. मराठी विकिपीडिया आपल्यापैकी काहींनी मोबाईलवर पाहिला असेल. तिथे चुकलेली ओळ दुसरं कुणीही सुधारू शकतं आणि ‘इतिहास’ उघडला की कोणी, कधी, काय बदललं तेही दिसतं. व्हॉट्सॲपवर दहा निरोप दहा ठिकाणी पडलेले असतात. विकीवर पान एकच, आणि ताजं तेच वर.

सरकारी कामातही याचा उपयोग झालेला आहे. न्यूझीलंड देशात पोलिसांचा कायदा १९५८ सालचा होता. तो बदलायचा ठरला तेव्हा, २००७ मध्ये, तिथल्या पोलीस खात्याने विकीचं पान उघडलं. नव्या कायद्यात काय असावं ते लोकांनी त्यावर लिहायचं होतं. कायदा अर्थातच संसदेनेच केला, २००८ मध्ये. पण त्याआधी लोकांना नुसतं वाचायला न देता लिहायलाही दिलं, हे महत्त्वाचं.

आपल्या गावात यासाठी वेगळं संकेतस्थळ काढायची गरज नाही. आपल्या गटाचं इतिवृत्त आपण लिहितोच. मागच्या बैठकीत काय ठरलं, या बैठकीत काय बदललं, खाली सह्या. विकीची रीत याहून फार निराळी नाही. तेव्हा ग्रामसंघाने एवढं करावं:

एका योजनेला एक पान. वहीत चालेल, मोबाईलवर सगळ्यांना उघडेल असं सामाईक पानही चालेल. त्यावर पाच गोष्टी हव्यात: योजना कुणासाठी, कागद कोणते, शेवटची तारीख, शासन निर्णयाचा संकेतांक आणि विचारायचं कुणाला.

बदल झाला की जुनी ओळ खोडायची, पण वाचता येईल अशी. शेजारी नवी ओळ आणि तारीख लिहायची.

गटातल्या बायकांचे प्रश्न त्याच पानाखाली लिहायचे. महिन्यातून एकदा ग्रामसेवक किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडून उत्तरं लिहून घ्यायची. तोच प्रश्न चाळीस जणींनी चाळीस वेळा विचारायला नको, आणि त्यांचाही वेळ वाचतो.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी हे पान बैठकीत मोठ्याने वाचायचं आणि एक प्रत फळ्यावर लावायची.

एक मात्र कटाक्षाने पाळा. या पानावर किंवा व्हॉट्सॲप गटावर कुणाचाही आधार क्रमांक, बँक खातं किंवा कागदांचे फोटो टाकायचे नाहीत. योजनेची माहिती सगळ्यांची, पण बाईची माहिती तिची एकटीची. ओटीपी कुणीही मागितला तरी द्यायचा नाही. पैसे गेलेच तर गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

माहिती मागताना संकोच नको. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं आहे की कार्यालयांनी माहिती आपणहून जाहीर करावी, आणि ती स्थानिक भाषेत व त्या भागात पोहोचेल अशा मार्गाने द्यावी. म्हणजे आपण उपकार मागत नाही. तोंडी विचारून उत्तर मिळालंच नाही, तर १० रुपये भरून लेखी अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शिवाय ग्रामसभेआधी महिलांची सभा असते. तिथे हे पान घेऊन जा. ज्या प्रश्नांना उत्तर नाही, ते वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवायला सांगा. व्हॉट्सॲपवर ‘बघतो’ असं उत्तर येतं आणि वर सरकून जातं. इतिवृत्तातली नोंद पुढच्या सभेतही तिथेच असते.

सगळ्या योजना एकदम हातात घेऊ नका. येत्या बैठकीत एकच निवडा. विधवा भगिनींचं निवृत्तिवेतन घ्या, नाहीतर रोजगार हमीचं जॉबकार्ड घ्या. पान एकीने लिहावं, संकेतांक दुसरीने तपासावा, वाचून तिसरीने दाखवावं. महिनाभरात त्या पानामुळे एका जरी बाईचा अडलेला अर्ज पुढे सरकला, तर दुसरं पान सुरू करा.