कंपाला ते पालघर, व्हाया तारपा

युगांडाचे सगळ्यात गाजलेले कवी देशाच्या संघातून फुटबॉल खेळायचे, तेही अनवाणी! ओकोट प'बिटेक त्यांचं नाव. १९५६ साली युगांडाचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. सामने संपले, संघ घरी परतला आणि ओकोट शिकायला तिथेच राहिले. शिक्षणशास्त्र झालं, कायदा झाला, मग ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र. तिथे त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो आपल्याच अचोली आणि शेजारच्या लांगो लोकांच्या गाण्यांचा.

त्यांचं 'साँग ऑफ लाविनो' हे दीर्घकाव्य १९६६ साली नैरोबीला छापलं गेलं. शिकून साहेब झालेल्या नवऱ्याला त्याची खेड्यातली बायको लाविनो या काव्यात भरपूर सुनावते. आपलं नाचणं, आपलं खाणं, आपले देव तुला अचानक गावंढळ का वाटायला लागले, हा तिचा सवाल. ओकोटनी ते आधी अचोलीत रचलं आणि मग स्वतःच इंग्रजीत आणलं. आफ्रिकी कवितेवर लिहिणारा कुठलाही समीक्षक या बाईला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

हे सगळं पालघरच्या वाचकाला कशाला सांगायचं? कारण आफ्रिकी समीक्षक साठ वर्षं ज्या प्रश्नांवर भांडतायत, त्यांची उत्तरं शोधायला आपला जिल्हा फार चांगली जागा आहे. गाणं म्हणजे साहित्य का, कुणाच्या भाषेत लिहायचं, आणि कवी म्हणून नाव कुणाचं लागायचं, हे ते प्रश्न.

मांडवातली कवयित्री

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार भागातल्या वारली लग्नात चला. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलाय, मधे पालघाट देवी. चित्र काढून झालं म्हणजे काम संपलं असं नाही. धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई, येऊन गायला बसते, देवांना एकेक करून बोलावते, तेव्हा कुठे त्या चौकात देव येतात. हे लग्न ती बाई लावते, आणि लावते ते गाण्याने. गाणं कुठल्या वहीत नसतं, तिच्या तोंडी असतं.

कणसरी या धान्यदेवतेची कथा पूजेच्या रात्री भगत सांगतो, तेव्हा त्याच्या हातात घांगळी असते. बांबूच्या दांडीला दोन भोपळे आणि वर तार. तारपाही भोपळ्याचाच. वर वाळवलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने बुजवलेले, खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही आणि नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत. भात तयार झालं की पाड्यावर हा आवाज घुमायला लागतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांचा तारपा एकदा ऐकलात तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आता सेनेगलला जाऊ. तिथला कोरा अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून करतात, त्याला २१ तारा. बालाफोनच्या लाकडी पट्ट्यांखाली भोपळेच टांगलेले. लिओपोल्ड सेंगोर हे सेनेगलचे थोर कवी १९६० मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ते आपल्या कवितेच्या शीर्षकाखाली चक्क लिहायचे की ही तीन कोरा आणि एका बालाफोनच्या साथीने म्हणावी. फ्रेंचमध्ये लिहिणारा, पुढे फ्रेंच अकादमीत बसलेला पहिला आफ्रिकी माणूस, पण साथीला भोपळा सोडला नाही!

नैरोबीत ठिणगी, पालघरला भाषण

जून १९६२. कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात आफ्रिकी लेखकांची गाजलेली परिषद भरली. चिनुआ अचेबे आले, वोले सोयिंका आले, ख्रिस्तोफर ओकिग्बो आले आणि विद्यार्थी असलेले न्गुगी वा थिओंगोसुद्धा. आमंत्रण मात्र इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाच होतं. स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट यांना बोलावणं नव्हतं, योरुबात लिहिणाऱ्या फागुन्वांनाही नाही. न्गुगींनी हा सल पुढे आयुष्यभर बोलून दाखवला.

बोलूनच थांबले नाहीत. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात त्यांनी तबान लो लियाँग आणि हेन्री ओवुओर-अन्युंबा यांच्यासह प्रस्ताव मांडला की इंग्रजी विभाग बंद करा. आफ्रिकी साहित्य मधे ठेवा, त्यात लोकांच्या तोंडची गाणी-कहाण्या शिकवा, आणि इंग्रजीला बाकीच्यांच्या रांगेत बसवा. १९७८ मध्ये तुरुंगात असताना त्यांनी गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली ती टॉयलेट पेपरवर. २८ मे २०२५ रोजी ते गेले.

न्गुगींच्या याच भांडणाचा मराठी अध्याय पालघरला लिहिला गेलाय, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९९० साली पालघरला आदिवासी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वाहरू सोनवणे, शहाद्याकडचे भिल्ल कवी, श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते आणि 'गोधड' या संग्रहाचे कर्ते. लिहिलेलं तेवढंच साहित्य ही व्याख्या आमच्यावर लादू नका, आदिवासींचं साहित्य गाण्यात, नाचात, बोलण्यात आहे, असा त्यांच्या भाषणाचा गाभा. नैरोबीचा प्रस्ताव आणि पालघरचं भाषण शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते मराठी समीक्षेने या भाषणाला द्यायला हवी होती ती जागा अजून दिलेली नाही.

मराठीने जगातल्या काळ्या माणसाच्या साहित्याकडे पाठ फिरवली होती असं मुळीच नाही. जनार्दन वाघमारे यांचं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्य-संस्कृतीवरचं मराठी पुस्तक १९७८ चं. दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं. फक्त नजर अमेरिकेकडे जास्त गेली, आफ्रिकेकडे कमी.

वर्ष १९७२

एकच साल, चार बातम्या. दलित पँथरची स्थापना. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'ला साहित्य अकादमी पुरस्कार. हे पुस्तक म्हणजे आपल्याच भागातल्या वारल्यांची वेठ आणि लग्नगडी मोडून काढणाऱ्या, १९४५ मध्ये झरीच्या सभेने पेटलेल्या लढ्याची कहाणी. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं, ती लग्नगडी. धवलेरीच्या मंगल गाण्यामागे हा काळही उभा होता, हे विसरून ती गाणी वाचता येत नाहीत.

आणि चौथी बातमी लंडनची. कादंबरीकार म्हणून जगाला माहीत असलेल्या अचेबेंना कवितेसाठी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, विभागून. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धावरच्या कविता होत्या त्या. त्याच युद्धात १९६७ मध्ये ओकिग्बो लढता लढता मारले गेले होते. हाच राष्ट्रकुल पुरस्कार १९७७ साली आला अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'ला आणि १९७९ मध्ये नायजेरियाच्या गॅब्रिएल ओकारांना, तोही विभागून. म्हणजे आपला खंडोबा दोन नायजेरियन कवींच्या मधे बसलाय!

किल्ल्यांचा मालक एकच

तारापूर, केळवे, शिरगाव, वसई हे आपल्या पट्ट्यातले किल्ले पोर्तुगीजांकडून चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ पर्यंत सुटले. शेजारचं दमण १९६१ च्या डिसेंबरात सुटलं. त्याच वर्षी अंगोलात पोर्तुगीजांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला आणि त्याच्या नेत्यांपैकी एक होते डॉक्टर-कवी आगोस्तिन्यु नेतो. पोर्तुगीज तुरुंगात राहून कविता लिहिणारे नेतो १९७५ मध्ये अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडेही गाणारी माणसं पोर्तुगीजांशी लढायला गेलीच होती. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामात सुधीर फडके होते.

गंजाड ते पॅरिस

१९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये जगभरच्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे होते आणि आयव्हरी कोस्टचे फ्रेदेरिक ब्रुली बुआब्रे. बुआब्रेंनी आपल्या बेते भाषेसाठी चारशेहून अधिक चित्रांची लिपी स्वतः तयार केली होती. म्हसे तर लहानपणी आई गेल्यावर कित्येक वर्षं बोललेच नाहीत, असं सांगतात. मातीत चित्रं काढून सांगायचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. 'वारली लोकगीते' हे संकलन करणाऱ्या कविता महाजनही त्याच वर्षी गेल्या. ओकोटनीही अचोली गाण्यांचं असंच पुस्तक केलं, १९७४ मध्ये. अशी पुस्तकं आपल्याकडे आणखी हवीत.

बोईसरची कविता

नायजेरियाच्या तेलपट्ट्यातले लेखक-कवी केन सारो-विवा यांनी आपल्या ओगोनी लोकांची जमीन आणि पाणी नासवल्याबद्दल तेल कंपन्यांविरुद्ध आणि सरकारविरुद्ध आवाज उठवला. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने त्यांना आठ साथीदारांसह फाशी दिलं. त्या भागातल्या कवींनी मेलेले मासे, काळवंडलेल्या खाड्या हाच पुढे कवितेचा विषय केला. आपल्याकडे तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारांच्याच समाजाची संघटना. अणुऊर्जा प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. इतका ऐवज असताना इथल्या तरुणांनी लिहायला कुणाची वाट पाहायची? मांगेलीत लिहा, वारलीत लिहा, बोईसरच्या शिफ्टवाल्या हिंदी-मराठीत लिहा.

आणि एक काम आपल्यापैकी कुणालाही जमेल. पुढच्या लग्नसराईत कुठल्या पाड्यावर धवलेरी गात असली तर तिला विचारून गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. फाइलला नाव देताना 'वारली लोकगीत' एवढ्यावर थांबू नका. तिचं नाव, पाडा, तालुका आणि तारीख लिहा, आणि एक प्रत तिच्या घरी द्या.