राखेचा पंचनामा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा हा अवर्षणाचा भाग. उन्हाळ्यांत माळावरील वाळलेलें गवत पेटलें आणि वाऱ्यानें ज्वाळा शेतांत लोटल्या, तर घटकाभरांत उभें पीक, कडब्याची गंज आणि गोठा यांची राख होते. शेतकऱ्याचा हात प्रथम वळतो तो ती राख झाडण्याकडे. आणि नेमकी तेथेंच चूक होते. कारण राख हाच त्याचा पुरावा असतो.

राज्य आपत्ति प्रतिसाद निधींतून ज्या आपत्तींसाठीं साहाय्य मिळतें, त्यांत आगीची गणना आहे. परंतु त्याचा पाया पंचनामा होय. यास्तव तलाठ्यास, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, व तहसीलदारास तत्काळ लेखी वर्दी द्यावी. दगावलेलें जनावर पशुवैद्यानें पाहिल्यावांचून पुरूं नये. केंद्राच्या २०२२ ते २०२६ ह्या काळाच्या निकषांत पिकाची हानि किमान ३३ टक्के असणें अवश्य होतें. कोरडवाहू पिकास हेक्टरीं ८,५०० रुपये, तेही २ हेक्टरांपर्यंत, आणि बैलास ३२,००० रुपये ठरलेले होते.

एवढ्यानें नुकसान भरून निघत नाहीं. पुढील पेरणीस मात्र आधार होतो. शहरांतील आप्तांनीं म्हणून पैशांआधीं एकच निरोप धाडावा : पंचनामा होईपर्यंत राख हलवूं नका.