नूतनीकरणाच्या अर्जात भूगर्भ हवा

चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत पसरलेल्या वर्धा खोऱ्यात भूमिगत कोळसा खाण चालवायची, तर एका परवानगीने भागत नाही. केंद्राची पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कामाच्या पद्धतीसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी असे सगळे लागते आणि त्यांतल्या बहुतेकांना मुदत असते. मुदत संपत आली की धूळ, पाणी आणि उत्पादन यांचे ताजे आकडे जोडून अर्ज जातो. हे आकडे हवेतच. पण भूमिगत खाणीच्या नूतनीकरणात पहिला प्रश्न जमिनीखाली आज काय उरले आहे, हा असला पाहिजे.

इथला कोळसा बराकर खडकांतला, पर्मियन काळातला, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर कामठी वालुकाश्म, कुठे लॅमेटाचे थर आणि पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण. सच्छिद्र कामठी वालुकाश्म भरपूर पाणी धरतो. विहिरींना ते वरदान, खाणीच्या छताला मात्र जोखीम. शिवाय या खोऱ्यातला कोळशाचा मुख्य थर काही भागांत पंधरा मीटरहून जाड आहे, तर सर्वसाधारण नियमाने गॅलरी, म्हणजे कोळशातला बोगदा, उंचीला तीन मीटर आणि रुंदीला 4.8 मीटरपेक्षा मोठी काढता येत नाही. म्हणून जाड थरातला पुष्कळ कोळसा छतात आणि तळाशी राहतो, आणि वरचा सगळा भार मध्ये सोडलेल्या कोळशाच्या खांबांवर, म्हणजे पिलरवर, येतो. पुढे डीपिलरिंगमध्ये हेच पिलर काढले जातात आणि मागे छत बसू दिले जाते. त्या बसलेल्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. पाळी सुरू होताना मायनिंग सरदार सळईने छत ठोकून बघतो. खणखणीत आवाज आला तर छत धरून आहे, पोकळ आला तर थर सुटला आहे. त्याची ही तपासणी रोज नव्याने होते, कारण कालचे छत आज तसेच असेल असे कोणीच धरून चालत नाही.

यावर आक्षेप येतो, की कोट्यवधी वर्षांचा खडक पाच-दहा वर्षांत थोडाच बदलतो? मूळ भूगर्भ अहवाल पुरेसा आहे. खडक बदलत नाही हे खरे, पण त्यातली पोकळी दर पाळीला वाढते, गोफमध्ये पाणी साठते, पिलरच्या कडा झडतात. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून आत आले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. जुन्या, सोडलेल्या कामांच्या 60 मीटरच्या आत पुढे सरकायचे तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, त्यामागचा धोका हाच आहे. हा नियम पाळायचा तर जुनी कामे नेमकी कुठे आहेत, हे नकाशावर बिनचूक असावे लागते. 2022च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गेले आणि आसपासची कुटुंबे हलवावी लागली. तिथल्या चर्चेत जुन्या भूमिगत कामांचेच नाव आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोल इंडियाच्या उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा आज पाच टक्क्यांहूनही कमी आहे. नव्या सर्वेक्षणांचा खर्च लादला तर उरलेल्या खाणीही बंद पडतील, रोजगार जाईल आणि सगळे लक्ष खुल्या खाणींकडे वळेल. खुली खाण तर शेत, ओढा आणि गावठाण सगळेच गिळते. म्हणून भूमिगत खाणी टिकाव्यात, हे मलाही मनापासून वाटते. पण त्या टिकणार वरच्या गावाच्या भरवशावर, आणि अंगणाला भेग गेली की तो भरवसा पहिल्यांदा उडतो. सर्वेक्षणही शून्यातून करायचे नाही. गॅलरींची मोजणी खाणीत नियमाने होतच असते. तिला पाण्याच्या पातळीची आणि जमीन किती खचली याची जोड द्यायची आहे. आणि ती आत्ताच हवी, कारण नियमांतल्या 2022च्या दुरुस्तीनंतर खाणीची पर्यावरण मंजुरी 50 वर्षांपर्यंत चालू शकते. तीस वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरआढाव्याची अट असली, तरी पहिली तीस वर्षे थोडी नव्हेत.

म्हणून प्रत्येक नूतनीकरणाच्या अर्जासोबत त्या वर्षापर्यंतच्या पोकळीचा, साठलेल्या पाण्याचा आणि शिल्लक पिलरचा नकाशा जोडणे बंधनकारक करावे, आणि त्याची मराठीतली प्रत वरच्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या कार्यालयात लावावी.