तळघरांतील मधला खांब

जुन्या वाड्याच्या तळघरांतील मधला खांब पुष्कळांस अडचणीचा वाटतो. वर जाडजूड तुळई असतां हा हवा कशाला, असें मनांत येतें. पण ती तुळई पुष्कळदां अखंड नसते; तिचे दोन तुकडे त्या खांबाच्या डोक्यावरच सांधलेले असतात. खांब काढला कीं दोन्ही तुकडे निराधार होतात.

मग अखंड तुळई घातली तर? खांबाच्या दोहों बाजूंस ८ फुटांचे गाळे असतील, तर आतां १६ फुटांचा एकच गाळा होईल. दर फुटावरील भार तोच. परंतु तुळईला वांकविणारा जोर ४ पट आणि तिचा बांक १६ पट होतो. तुळईची उंची दुप्पट केल्यास बळ ४ पट होतें, ताठपणा मात्र ८ पटच. म्हणजे बांक पूर्वीच्या दुप्पट राहतोच. म्हणून येथें पोलादी तुळई योजितात. पोलाद सागवानाहून कितीतरी अधिक ताठ असतें.

शिवाय खांबावरील भार नाहींसा होत नाहीं. तो दोन्ही टोकांच्या भिंतींवर जातो व तेथील भार दुप्पट होतो. यास्तव टोकांखालचे दगड व पाया आधीं तपासावा, मजल्याला दोहों अंगांनीं टेकू द्यावेत, आणि जाणत्या इंजिनिअरानें हिशोब करून दिल्यावांचून खांबाला हात लावूं नये.